फीड लाइनचं व्हायब्रेशन मोजायला काय वापरावं? ड्रेनच्या वेल्डला परत क्रॅक गेलाय

निपाणी_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यात को-जनकडं (वाफेवर वीज करायच्या विभागात) आहे. बॉयलर फीड पंपाच्या डिस्चार्ज हेडरवर (पंपातलं पाणी पुढं नेणाऱ्या मोठ्या पाइपावर) पाऊण इंची ड्रेन (पाणी काढायची छोटी नळी) आहे, टोकाला जड व्हॉल्व्ह. त्याच्या बुडाच्या वेल्डला गेल्या हंगामात क्रॅक गेला. शटडाउन घेऊन दुरुस्त केला, तर यंदा परत तिथंच. पंप व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) आहे. हेडर नुसत्या डोळ्यांना हलताना दिसतोय. बाहेरून आलेल्यांनी पेनासारखं मीटर टेकवलं, 4 मिमी/सेकंद आलं आणि ‘हिरव्यात आहे’ असा रिपोर्ट दिला. मला काही ते पटत नाही. फटीगचा (सारखं हलून धातू थकण्याचा) हिशेब करता येईल असं मोजायचं तर काय घ्यावं, कुठं लावावं? पाणी 105 अंशांच्या आसपास, वर लॅगिंग (उष्णता धरणारं आवरण). खालून माणसांची ये-जा असते, म्हणून जरा घाई आहे.

गोकाक_पंप
आधी सपोर्ट बघा की ओ. यू-क्लॅम्पचे नट ढिले असतात, नाहीतर पाइप सपोर्टवरनं उचललेला असतो. चालू लाइनवर बॅटरी मारून बघितलं तरी फट दिसते.

उद्यमबाग_रोटेटिंग
सपोर्ट बघाच. पण दादा, रिपोर्टवरची तुमची शंका रास्त आहे. त्या पेनाचा हिरवा-पिवळा तक्ता आयएसओ 10816 चा, म्हणजे आताच्या 20816 चा. तो यंत्राच्या बेअरिंगसाठी आहे, पाइपासाठी नाही. शिवाय अशी बहुतेक मीटरं 10 ते 1000 हर्ट्झ एवढंच मोजतात. लांब हेडर 4-5 हर्ट्झवर झुलत असेल तर डोळ्याला दिसतं ते मीटर गाळून टाकतं.

पाइपाला वेगळे निकष आहेत. अणुवीज केंद्रांच्या पाइपिंगसाठी केलेल्या एएसएमई ओएम-3 मध्ये पहिल्या चाळणीला 12.7 मिमी/सेकंद पीक धरतात. शुद्ध साइन लहरीत ते साधारण 9 आरएमएस (पीक म्हणजे लहरीचं टोक, आरएमएस म्हणजे तिची एक प्रकारची सरासरी). मीटर पीक दाखवतंय की आरएमएस हे बघितल्याशिवाय तुलना करू नका. हाच 12.7 चा वेग 4 हर्ट्झला मधल्या जागेपासून अर्धा मिमी हालचाल देतो आणि 50 हर्ट्झला जेमतेम 0.04 मिमी. म्हणून नुसता एक आकडा पुरत नाही, स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती हलतंय तो आलेख) हवाच. एनर्जी इन्स्टिट्यूटच्या 2008 च्या मार्गदर्शिकेत मर्यादा फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलते, ती या कामाला जास्त जवळची.

विकत काही घेऊ नका. स्पेक्ट्रम काढणारा दोन चॅनेलचा एफएफटी अॅनालायझर आठवडाभर भाड्यानं आणा. सोबत 100 मिलीव्होल्ट प्रति जी चे, 1 हर्ट्झपर्यंत नीट उतरणारे दोन अॅक्सिलरोमीटर (कंपनाचे सेन्सर). एक हेडरवर ड्रेनच्या मुळाशी, दुसरा व्हॉल्व्हवर, दोन्ही एकाच वेळी आणि एकाच दिशेला. मग दिशा बदला, तिन्ही दिशा घ्या. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या दोन जागांच्या फरकात आहे. दोन्ही एकत्र हलत असतील तर वेल्डला फार त्रास नाही. व्हॉल्व्ह वेगळा डोलत असेल तर ते सगळं वाकणं वेल्डवर येतं. एकट्या चॅनेलला हे कळत नाही.

लॅगिंगच्या पत्र्यावर सेन्सर लावू नका, खिडकी कापून पाइपावर लावा. गोल पाइपाला दोन पोलचं मॅग्नेट. सेन्सर किती तापमान सोसतो ते आधी वाचा, बरेचसे 120 अंशांपर्यंतच असतात. व्हीएफडी आहे तर पंप हळूहळू सगळ्या वेगांतून न्या. एखाद्या ठरावीक वेगालाच रेझोनन्स (पाइपाच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीशी जुळून वाढलेलं कंपन) येतो आणि बाकी वेळ लाइन शांत असते.

निपाणी_मेंटेनन्स
साहेब, दोन जागांचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण यावरून स्ट्रेस कसा काढायचा?

टिळकवाडी_स्ट्रेस
अंदाज काढता येतो, पण दोनदा एकाच जागी फुटलंय तर स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो ते मोजणारी चिकटवायची पट्टी) लावा. वेल्डच्या कडेपासून थोडं सोडून, ड्रेनच्या लांबीच्या दिशेनं, एकमेकांना काटकोनात दोन. झटपट चिकटणारा नेहमीचा डिंक एवढ्या गरमीत सोडतो, उष्णतेत टिकणारा इपॉक्सी मागा. स्टीलला 100 मायक्रोस्ट्रेन म्हणजे सुमारे 20 मेगापास्कल. हा आकडा छोटा वाटतो, पण 20 हर्ट्झला दिवसात 17,28,000 आवर्तनं होतात आणि 120 दिवसांच्या हंगामात 20 कोटींहून जास्त. वेल्डच्या जोडात स्ट्रेस दुप्पट झाला की आयुष्य साधारण आठव्या हिश्शावर येतं. वेल्डच्या प्रकाराप्रमाणे स्ट्रेस आणि आवर्तनांचे वक्र बीएस 7608 या ब्रिटिश मानकात मिळतील.

उपाय करताना ड्रेनला आधार हेडरचाच द्या, दोन दिशांनी. प्लॅटफॉर्मच्या खांबाला बांधलात तर हेडर गरम होऊन सरकताना तोच आधार वेल्ड ओढील. ड्रेनची लांबी कमी करा, व्हॉल्व्ह हलका बसवा. आणि ही आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) लागू असलेली लाइन आहे, तेव्हा वेल्डिंग आयबीआर वेल्डरकडूनच, रीतसर मंजुरी घेऊन. चालू लाइनवर क्रॅकवर वेल्ड मारायला कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

निपाणी_मेंटेनन्स
धन्यवाद ताई. लोड स्टँडबाय पंपावर घेतलाय, क्रॅकचा भाग व्हॉल्व्ह बंद करून वेगळा केलाय, खालून ये-जा बंद केलीय. नवीन ड्रेन बसला की अॅनालायझर मागवतो.

उद्यमबाग_रोटेटिंग
आधार लावायच्या आधी एकदा मोजा, मग लावून परत मोजा. दर रीडिंगला पंपाचा वेग, फ्लो आणि रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते लिहून ठेवा, नाहीतर दोन रीडिंगांची तुलना होणार नाही. लाइन बंद पण पाण्यानं भरलेली असताना ड्रेनला रबरी हातोडीनं टोला देऊन नैसर्गिक फ्रिक्वेन्सी काढा. 2960 आरपीएमला पंपाची 49 हर्ट्झ येते. ड्रेनची तिच्या आसपास निघाली तर आधार किती कडक लागेल ते तिथंच कळेल. स्पेक्ट्रम इथं टाका, बघून सांगतो.