मदत हवी आहे : लघवीच्या त्रासावरच्या संशोधनात नाव द्यावं का?

आमच्या जाऊबाईंना दुसऱ्या बाळंतपणापासून खोकलं, शिंकलं की लघवी सुटते. सांगलीहून मिरजेला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत आणि त्यावरच्याच एका अभ्यासात नाव देणार का, असं विचारलंय. संमतीपत्र मराठीत आहे, पण भाषा अशी की सातबारा परवडला! मधेच कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळे उपचार थांबत नाहीत, एवढं कळलं. औषधांच्या चाचण्यांना २००९ पासून सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी सक्तीची आहे. नुसत्या व्यायामाच्या अभ्यासालाही नोंदणी क्रमांक मागावा का? कागदावर एथिक्स कमिटीचा (अभ्यासात भाग घेणाऱ्यांचं हित बघणाऱ्या समितीचा) फोन नंबर नाही, तो मागून घेऊ ना? आणि किती पाणी प्यायलं, कितीदा लघवीला गेलं याची डायरी भांगलणीला गेल्यावर रानात कशी लिहायची? अशा अभ्यासात कुणी भाग घेतला असेल तर सांगा. शक्यतो मेसेजवरच, घरात सासूबाईंना अजून माहीत नाही.