खटका, कळ की स्टार्टर?

जळगाव: अकरावीच्या मुलांसाठी पेशींमधल्या संदेशवहनावर टिपण लिहितेय. रास हे प्रथिन ‘मॉलिक्युलर स्विच’ आहे, म्हणजे संदेश चालू-बंद करणारं. ‘रेण्वीय कळ’ लिहिलं, तर एकाने विचारलं, “मॅडम, कळ म्हणजे पोटात येते ती?” दुसरा शब्द सुचवा.

धुळे: खटका लिहा ना ताई. उंदराच्या पिंजऱ्याला असतो तो. रासमध्ये जीटीपी हा तीन फॉस्फेटांचा छोटा रेणू बसतो; त्याचा तिसरा फॉस्फेट रासच्या दोन सैल वेटोळ्यांना ताणून धरतो. एकाला साखळीतल्या ३५व्या अमिनो आम्लापाशी, थ्रिओनिनपाशी, दुसऱ्याला ६०व्या, ग्लायसिनपाशी. तो फॉस्फेट तुटून दोन फॉस्फेटांचा जीडीपी उरला की दोन्ही ढिली पडतात.

रावेर: दादा, पिंजऱ्याचं उलटं आहे. तिथे तार सुटली की काम होतं. रास ताणलेला असतो तेव्हाच चालू! मी केळीवाला, मला आपला पंपाचा स्टार्टर दिसतो. हिरव्या बटणावरून बोट काढलं तरी आतली कॉइल धरून ठेवते, वीज गेली की सोडते. रात्री बांधावर “लाईट उनी का?” विचारत बसणारे आम्ही ‘धरतो’ आणि ‘सोडतो’ एवढंच बोलतो. नाम कुठलंही घ्या, ही दोन क्रियापदं ठेवा. व्होल्टेज कमी असलं की स्टार्टर धड धरत नाही, नुसता घरघरतो. जीटीपी बसलेला रासही तसाच. पहिलं वेटोळं मिटतं, उघडतं, पुन्हा मिटतं. मिटलेलं असताना रॅफ हे पुढचं प्रथिन त्याला घट्ट चिकटतं, आणि ते चिकटलं की मग ही घरघर थांबते.

जळगाव: आणि कर्करोगात १२व्या ग्लायसिनच्या जागी दुसरंच अमिनो आम्ल येतं, तेव्हा?

रावेर: स्टार्टर चिकटला. सोडतच नाही. एरवी गॅप नावाची प्रथिनं फॉस्फेट तोडण्याचा वेग लाखपटीपर्यंत वाढवतात; १२व्या जागी अडगळ झाली की त्यांचा बोटासारखा भाग आत नीट बसत नाही.

धुळे: त्या जागी सिस्टीन आलं असेल तर सोटोरासिब हे औषध चालतं, अमेरिकेत २०२१मध्ये मान्यता मिळालेलं. दुसऱ्या वेटोळ्याखालच्या खोबणीत बसून ते रासला जीडीपीसकट बंद अवस्थेतच अडकवतं. तरी छापायला ‘खटका’च बरा. ‘रेण्वीय स्टार्टर’ वाचून परीक्षक हसेल.

जळगाव: मथळ्यात खटका, वाक्यात धरतो-सोडतो, फळ्यावर स्टार्टरचं चित्र. पण ‘वेटोळं’ म्हटलं की मुलांना साप आठवणार. त्याला काय म्हणू?