आत्यासाठी जपानी पुस्तक सुचवा, मनाला बरं वाटेल असं

कडकभाकरी: नमस्कार मंडळी. आमच्या आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता काही दिवस घरातच बसून. शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळं इंग्रजीची अडचण नाही, पण सिरियली बघून डोकं उठलंय म्हणते. सध्या कव्हरवर कॅफे नाहीतर मांजर असलेली जपानी पुस्तकं इंग्रजीत लई आलीत ना, नवी पेठेत पण दिसली मला, त्यातलं एखादं द्यावं म्हणतोय. खून-मारामारी नको, शक्यतो मरणबिरण पण नको. आणि ती माळकरी आहे, सांगून ठेवतो.

हुतात्मा_एक्सप्रेस: 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड' द्या की. तोशिकाझु कावागुची. टोकियोतलं एक तळघरातलं कॅफे, ठराविक खुर्चीत बसलं की भूतकाळात जाता येतं, पण कॉफी गार व्हायच्या आत परत यायचं, आणि तिकडं जाऊन काहीही केलं तरी आजचं काही बदलत नाही. मूळ नाटक होतं म्हणे, ते कळतंच, सगळं एकाच खोलीत.

पेठेतला_वाचक: अहो पण त्यात अल्झायमर झालेला नवरा बायकोलाच ओळखत नाही, आणि एकीची बहीण ॲक्सिडेंटमध्ये जाते, ते पण सांगा की. 'द ट्रॅव्हलिंग कॅट क्रॉनिकल्स' पण टाळा, मांजर बघून फसायला होतं, शेवटी धाय मोकलून रडाल. खरं सांगू का, हा सगळा प्रकार आता साचेबंद झालाय, एक गल्ली, एक दुकान, दुःखी माणूस आत आला की चाळीस पानांत बरा होऊन बाहेर. त्यातल्या त्यात 'द कामोगावा फूड डिटेक्टिव्ज' बरं. क्योटोत पाटी नसलेलं हॉटेल, रिटायर पोलीसवाला आणि त्याची मुलगी, तुम्ही लहानपणी खाल्लेल्या पदार्थाचं वर्णन सांगायचं, दोन आठवड्यांनी ते शोधून तसाच करून वाढतात. सुटं सुटं वाचता येतं. फक्त बीफ स्ट्यू आहे, डुकराचं टोनकात्सु आहे, माळकरी म्हणालात म्हणून सांगतोय.

शेंगाचटणी: मग 'स्वीट बीन पेस्ट' घ्या. दुरियान सुकेगावा. तोकुए नावाची म्हातारी, बोटं वाकडी झालेली, एका छोट्या दुकानात काम मागायला येते. दुकानात दोरायाकी विकतात, दोन गोड चकत्यांमध्ये लाल बियांचं पुरण, आपल्या पुरणासारखंच समजा. मालक डब्यातलं तयार पुरण वापरत असतो, ही पहाटेपासून पातेल्याशेजारी बसते, वाफेत तोंड घालून एकेक बी बघते. तेवढ्या पानांसाठी तरी आत्यांना द्याच. पुढं कळतं की तिला कुष्ठरोग झालेला, लहान वयातच वसाहतीत टाकलेलं, औषध निघून बरी झाली तरी बाहेर पडायची मुभा नाही, कारण जपानमध्ये तो कायदा 1996 पर्यंत होता. आनंदवन माहीत असलेल्या माणसाला हे काही परकं वाटायचं नाही. मरण आहे बरं का त्यात. पण वरच्यांनी म्हटलं तसं कुणी पटकन बरं होत नाही, गिऱ्हाईकं तुटतात ती तुटतातच, म्हणूनच मला ते पटलं.

पेठेतला_वाचक: हे मान्य. यावर 2015 चा सिनेमा पण आहे, पण पुस्तक आधी.

हुतात्मा_एक्सप्रेस: मराठीतच हवं असेल तर 'तोत्तोचान' आहेच की, कादंबरी नाही, खऱ्या आठवणी आहेत, पण मास्तरीण बाईंनी वाचलं नसेल असं होणार नाही.

कडकभाकरी: तोत्तोचान पाठ आहे तिला, रेल्वेच्या डब्यातली शाळा वर्गात सांगायची. बाकीचं आत्ताच वाचून दाखवलं. मरण चालेल म्हणाली, बीफवालं घरात आणू नको.