मदत हवी आहे: चिकन युनिटच्या सांडपाण्यातून रक्त-चरबी वेगळी कशी काढावी?

ईटीपीकर
रोज 2000 पक्षी, सरासरी 2 किलोचे. पाणी 30 हजार लिटर, सहा तासांत येतं. जाळी, इक्वलायझेशन टाकी (पाणी साठवून एकसारखं करणारी), मग फेरिक क्लोराईड (गाळ धरणारं लोहाचं रसायन) टाकून डीएएफ (हवेच्या बारीक बुडबुड्यांनी चरबी-गाळ वर तरंगवणारी टाकी). वरची साय चरबीवाला घेत नाही, खवट म्हणतो. शिवाय पाण्यातल्या फॉस्फरसपासून स्ट्रुव्हाइट (मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट) खत करायचा प्रस्ताव आलाय. परवडेल का?

गाळसाळ
सायीचं नंतर बघू, आधी रक्त कुठे जातंय ते सांगा. वजनाच्या साडेतीन टक्के धरलं तरी रोज 140 किलो होतं. सगळं गटारात गेलं तर त्याचाच सीओडी (घाणीच्या ऑक्सिडेशनला लागणारा ऑक्सिजन) 35 किलोच्या घरात, म्हणजे तुमच्या पाण्यात लिटरमागे हजार-बाराशे मिलिग्रॅमची भर!

रक्ताच्या पन्हळीला दोन तोंडं करा: काम चालू असताना टाकीकडचं उघडं, धुताना गटाराकडचं. धुण्याआधी वायपरने ओढून घ्यायचं. पक्षी दोन मिनिटं तरी निथळू द्या, नाहीतर उरलेलं रक्त स्काल्डरमध्ये (पिसं सुटण्यासाठी पक्षी बुडवायची गरम पाण्याची टाकी) उतरतं. त्याच दिवशी वाफेने 85-90 अंशांपर्यंत तापवा, साकळलेला चोथा पिळून वाळवा. वीसेक किलो पावडर मिळेल, नायट्रोजन 12-13 टक्के. पाणी मिसळलेलं रक्त मात्र तापवत बसू नका, सगळी वाफ पाण्यावरच खर्च होते.

फेसाळ
खवटपणा फेरिकमुळे. लोहाने चरबीचं ऑक्सिडेशन झपाट्याने होतं. विकायची चरबी रसायनाच्या आधीच काढा: जाळीनंतर अर्ध्या तासाचा, म्हणजे अडीच हजार लिटरचा ट्रॅप (संथ पाण्यात चरबी वर येऊ देणारी टाकी), साय रोज काढायची. स्काल्डरचं 52-60 अंशांचं पाणी त्यात सोडू नका. डीएएफची साय बायोगॅसला द्या, पण थोडी थोडी वाढवत; लांब साखळीची फॅटी आम्लं एकदम गेली की मिथेन बनणं थांबतं.

स्ट्रुव्हाइट विसरा. फेरिकने फॉस्फेट आधीच गाळात बसवलाय. फेरिक बंद केलं आणि लिटरला 20 मिलिग्रॅम फॉस्फरस पूर्ण हाती लागला, तरी दिवसाला पाच किलोसुद्धा खत नाही. त्यासाठी मॅग्नेशियम, पीएच 8.5-9 आणि वेगळी टाकी?

ईटीपीकर
छोटा ट्रॅप लावून पाहिलाय, थर धरतच नाही. पाणी दुधासारखं.

फेसाळ
ट्रॅपच्या आधी पंप आहे का? सेंट्रिफ्युगल पंप चरबी घुसळून टाकतो. ट्रॅपपर्यंत पाणी उतारानेच आणा. फरशी धुतलेलं साबणाचं पाणी बाजूने थेट इक्वलायझेशनला. खात्रीसाठी पंपाआधीचं आणि नंतरचं पाणी लिटरभर काचेच्या बरण्यांत अर्धा तास ठेवा. आधीच्यात थर आला आणि नंतरच्यात नाही, तर दोष पंपाचा. दोन्हीत नाही आला तर साबण किंवा गरम पाणी.