मदत हवी आहे : रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट कसा मोजावा?

सप्रेम नमस्कार. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो आणि गच्चीवरच्या डायपोलवर (दोन तारांच्या साध्या अँटेनावर), डब्ल्यूएसजेटी-एक्स हे संगणकावरचे सॉफ्टवेअर वापरून, एफटी८ या हौशी रेडिओवरच्या डिजिटल पद्धतीचे क्षीण संदेश ऐकतो.

एजीसी (सिग्नलची पातळी आपोआप सावरणारी सोय) बंद ठेवून, गेनला (सिग्नल किती वाढवायचा, त्या बटणाला) हात न लावता, मी त्या सॉफ्टवेअरमधल्या पातळी दाखवणाऱ्या पट्टीवरचे आकडे टिपले. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (नुसता रोध) लावला, तर ७, १४ आणि २८ मेगाहर्ट्झ या तिन्ही बँडवर आकडा ३१ डीबीच्या आसपास राहतो. अँटेना जोडताच तो ७ मेगाहर्ट्झवर ५२, १४ वर ३९, पण २८ वर जेमतेम ३३ होतो. रेडिओ बंद केल्यावर संगणकाच्या साउंड कार्डाचा आकडा ९ येतो, म्हणून ३१ चा गोंगाट त्याचा नसावा. (७ वरचा गोंगाट शेजारच्या एलईडी दिव्यांचा आहे, हे दिवेलागणीलाच कळते.)

२८ वर फरक २ डीबीच असेल, तर अँटेनाकडून येणाऱ्या गोंगाटापेक्षा रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट जास्त ठरतो, हा माझा हिशेब बरोबर आहे का? असल्यास प्रीअँप्लिफायरने (रिसीव्हरच्या आधी सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणाने) फायदा होईल, की आधी अँटेनापासून येणारी जुनी कोॲक्स केबल बदलावी?

शिवाय पट्टीवरचे आकडे केवळ सापेक्ष आहेत. २५०० हर्ट्झ इतक्या वारंवारता-रुंदीत ५० ओहमच्या लोडचा औष्णिक गोंगाट उणे १४० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेतली पातळी) धरतात; त्याच्याशी तुलना करण्यासाठी झेनर डायोडचा घरगुती नॉइज सोर्स (ठरावीक पातळीचा गोंगाट देणारे उपकरण) पुरेसा विश्वासार्ह ठरेल का? कोणी बनवला असल्यास, त्याची पातळी कशी ठरवली, तेही कृपया सविस्तर कळवावे.