धाकटा साडेतीन वर्षांचा झाला, लोक अजून "कितवा महिना?" विचारतात. टमी टक, म्हणजे पोट घट्ट करायचं ऑपरेशन, करून घेऊ का?

होटगीरोडची:
यंदा सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत उभी होते. ह्यांच्या ऑफिसातल्या एक वहिनी भेटल्या. पोटाकडे बघून लाडानं म्हणाल्या, "कितवा चाललाय?" माझा धाकटा त्या वेळी माझ्याच कडेवर बसून माझ्या ओढणीला चिकट हात पुसत होता. मी म्हटलं, "जेवण जास्त झालंय वहिनी," आणि हसले. घरी येऊन कपडे बदलताना रडले, ते वेगळं.

वय ३५, दोन मुलं, थोरली लेक. धाकट्याच्या वेळी सिझर, तेव्हाच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशनही करून घेतलं. वजन ५९, लग्नात ५६ होतं. म्हणजे हातपाय, चेहरा सगळं जागेवर. फक्त पोट पाचव्या महिन्यासारखं पुढं आणि सिझरच्या व्रणावर कातडीची लोंबती घडी. आपल्याकडचा एप्रिल-मे माहीतच आहे. त्या घडीत घाम साचून चट्टे उठतात. चालणं झालं, योगासनं झाली, रात्रीची भाकरी बंद करून झाली. गाल बसले, पोट तिथंच.

पुण्यात एका प्लास्टिक सर्जनना दाखवलं. त्यांनी टमी टक सुचवलं, सगळं धरून अडीच लाखांच्या आसपास. पैसे माझ्या पगारातून साठवलेले आहेत, कर्ज काढायचं नाही. नवरा म्हणतो, "मला तू आहेस तशी चालतेस." सासूबाई म्हणतात, "धडधाकट शरीराला कोण सुरी लावून घेतं?" दोघंही चांगल्या मनानं बोलतात, हीच अडचण. भांडताही येत नाही. मतं सांगा. कडू चालतील.

शेंगाचटणी:
कडू मागितलंस म्हणून देते. ज्या बाईनं विचारलं तिची जीभ शिवायची सोडून तू स्वतःचं पोट शिवायला निघालीस. उद्या तुझी लेक चौदा-पंधरा वर्षांची होईल, आरशासमोर उभी राहून "मला माझं नाक आवडत नाही" म्हणेल. तेव्हा तिला कोणत्या तोंडानं सांगणार, की आहे तसं छान आहे म्हणून? पोट दोन जीव वाढवून आलंय. ते सतरा वर्षांच्या पोरीसारखं दिसावं हा हट्ट कुठून आला, जरा मोबाईल बाजूला ठेवून विचार कर.

कन्नाचौक:
शेंगाचटणीताई, तुमचं बोलणं ऐकायला बरं वाटतं, पण सगळं पोट दिसण्याचंच नसतं हो. आमच्या अम्माची चार बाळंतपणं. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. पोट सुटलेलं, बेंबी बाहेर आलेली. गल्लीतल्या सगळ्या म्हणायच्या, बाळंतपणात वारा शिरलाय. पन्नाशीत एका रात्री त्या बेंबीत आतडं अडकलं, ओकाऱ्या थांबेनात, रिक्षात घालून सिव्हिलला नेलं. हर्निया होता, इतकी वर्षं. तिला कधी कुणी पोट दाखव म्हटलं नाही, कारण बाईचं पोट सुटणारच, असं सगळ्यांनी धरलेलं. ऑपरेशन करायचं की नाही ते नंतर. आधी आत नक्की काय झालंय ते बघून घ्या.

फिजिओ_जुळेसोलापूर:
कन्नाचौक यांनी मुद्द्याला हात घातला. पोटावर उभे दोन स्नायू असतात, मध्ये जाड पडद्यासारखी शिवण. गरोदरपणात ती शिवण ताणून रुंद होते. शेवटच्या महिन्यांत जवळपास सगळ्याच जणींचं होतं, त्यात आजार काही नाही. बहुतेकींचं हळूहळू जवळ येतं, काहींचं येत नाही. नॉर्वेत पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला होता, त्यात वर्षभरानंतरही साधारण तिघींत एकीला हे अंतर होतंच.

घरी बघायचं तर उताणं झोपा, गुडघे दुमडा, डोकं थोडं वर उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून चाचपा. दोन बोटांपेक्षा जास्त खड्डा लागला किंवा उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येत असेल, तर दाखवायला या. नुसतं वजन कमी करून ही फट मिटत नाही, म्हणून तुमचे गाल बसले आणि पोट राहिलं. आणि कृपा करून व्हिडिओ बघून उताणं झोपून धड वर उचलायचे पोटाचे व्यायाम करू नका. ज्या व्यायामात उंचवटा येतो तो सध्या तुमचा नाही. श्वासाबरोबर आतला स्नायू आवळायला शिकणं, ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, कुशीवर वळून उठणं, इथून सुरुवात. तीन-चार महिने नेमानं द्या. खर्च अडीच लाख नक्कीच होणार नाही.

मात्र व्यायामानं लोंबलेली कातडी वर जाते असं मी कधीच सांगणार नाही. ती जात नाही.

स्पष्टवक्ता_सातरस्ता:
नवरा "चालतेस" म्हणतोय तरी ऑपरेशन? मग कुणासाठी करायचंय हे? बायकांनी एकदा स्वतःला विचारावं.

होटगीरोडची:
भाऊ, घडीत घाम नवऱ्याच्या नाही, माझ्या साचतो.

शेंगाचटणी:
स्पष्टवक्ता, तुम्ही माझ्या बाजूनं बोलू नका. माझी बाजू मी बघते.

ओटी_सिस्टर:
मी वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. करा किंवा करू नका असं म्हणणार नाही, पण हे पार्लरमधलं काम नाही, एवढं डोक्यात असू दे. पूर्ण भूल असते, दोन ते चार तास जातात. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत खालून चीर, वरची कातडी उचलायची, आतले फाकलेले स्नायू मधोमध शिवून जवळ आणायचे, जादा कातडी कापायची, बेंबीसाठी नवं भोक करून ती तिथं बसवायची. तुमचा सिझरचा व्रण बहुतेक त्या कापलेल्या कातडीतच जाईल. बदल्यात त्याहून लांब व्रण येईल. साडीत दिसत नाही, पण जातही नाही. स्ट्रेच मार्क बेंबीखालचे जातात, वरचे राहतात.

पुढचे काही दिवस आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या, पोटाला घट्ट पट्टा, आठवडाभर म्हातारीसारखं वाकून चालणं. पाणी साचणं सगळ्यात जास्त दिसतं, मग सुईनं काढावं लागतं. जंतुसंसर्ग, रक्त साचणं, कडेची कातडी काळी पडणं हेही बघितलंय. बेंबीखाली बधिरपणा महिनोन् महिने, कधी कायमचा. सगळ्यात भीती पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून पहिल्या दिवसापासून चालवतात.

आणि एक, जे बायका हमखास लपवतात. मशेरी. डॉक्टर विचारतात "स्मोकिंग?" आणि बाई मान हलवून नाही म्हणते, कारण ती सिगारेट ओढतच नाही. तंबाखू तंबाखूच असतो. निकोटिननं कातडीचा रक्तपुरवठा आवळतो, जखम भरत नाही. निदान महिनाभर आधी बंद. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगायच्या.

बाळीवेस_आजी:
आमच्या वेळी बाळंतिणीला सुती लुगड्याचा पट्टा घट्ट बांधायचे, सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळीव. पोटं जागेवर यायची. हल्ली पोरी आठव्या दिवशी गाऊन घालून फिरतात.

फिजिओ_जुळेसोलापूर:
आजी, पट्ट्यानं आधार वाटतो, उठ-बस सोपी होते, ते खरं. पण स्नायूंची फट पट्ट्यानं मिटते असं नाही. आणि फार आवळला तर दाब खाली जातो, गर्भाशयाच्या बाजूला. अंग बाहेर येण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या तुमच्या वयाच्या कितीतरी जणी मला भेटतात.

बाळीवेस_आजी:
ते अंग बाहेर येणं मलाही आहे. पट्ट्यामुळं असेल असं कुणी बोललं नव्हतं.

फिजिओ_जुळेसोलापूर:
पट्ट्यामुळंच असं म्हणत नाही आजी, बाळंतपणं आणि वयही असतं. पण दाखवा जरूर. त्यावरही इलाज आहे.

हुतात्मानं_पुणे:
मी दोन वर्षांपूर्वी करून घेतलंय, म्हणून लिहिते. जुळी होती, बेंबीचा हर्नियाही होता. विम्यावाल्यांनी हर्निया मान्य केला, कातडीचं कॉस्मेटिक म्हणून कापलं. पॉलिसीत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेलीच असते, आधी वाचायला हवं होतं. वर जीएसटी लागला तो वेगळाच. ज्या हॉस्पिटलात केलं त्यांनी आधी सांगितलेला आकडा आणि शेवटचं बिल यात चांगलाच फरक होता. पट्टा, औषधं, ड्रेसिंग, सगळं "त्यात नव्हतं". लेखी घ्या. आणि डॉक्टरची पदवी बघा. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीआरएनबी हवं. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" असं पाटीवर लिहिलेलं असेल तर उलट्या पावली परत या.

मला पाणी साचलं. दहाव्या दिवशी सोलापूरला परत आले, बाराव्या दिवशी पोट डबडबलं, परत पुणे. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, खिडकीशी बसून पोटाला उशी धरून. असं तीनदा. ज्या गावात ऑपरेशन, त्या गावात निदान दोन-तीन आठवडे राहायची सोय असेल तरच करा. आज विचाराल तर आनंदात आहे. पाठ दुखायची थांबेल असं वाटलं होतं, ती मात्र दुखतेच.

शेंगाचटणी:
बघ! पाठ दुखतेच.

हुतात्मानं_पुणे:
हो, पण दुकानात ब्लाऊजपीस घेताना मी आता पोटावर पिशवी धरत नाही. हे तुम्हाला क्षुल्लक वाटेल.

शेंगाचटणी:
क्षुल्लक नाही वाटत. मीही धरते.

कन्नाचौक:
मला एक कळेना. सहा आठवडे वजन उचलायचं नाही म्हणतात ना? मग पाण्याचं काय? आमच्याकडं पाचव्या दिवशी नळ येतो, तोही कधी रात्री दोनला. ड्रम, टाकी, कळशी, वरच्या मजल्यावर बादल्या. हे पुण्याच्या सर्जनला कुणी सांगितलंय का?

ओटी_सिस्टर:
लाख बोललात. सिझरनंतरसुद्धा पाण्याच्या दिवशी घागर उचलून टाके ताणून आलेल्या बायका आम्ही बघतो. यात तर आतली शिवण ताजी असते, ती उसवली की पैसे आणि पोट दोन्ही गेलं. सुरुवातीला मूल कडेवर घ्यायचं नाही, गादी ओढायची नाही, ओल्या चादरींची बादली उचलायची नाही. आपल्या सोलापुरी चादरी भिजल्या की काय वजन होतं, सांगायला नको. आणि उन्हाळ्यात अजिबात नको. चाळीसच्या वर पारा, लाईट गेलेली आणि पोटाला चोवीस तास पट्टा, विचार करा.

स्पष्टवक्ता_सातरस्ता:
पाणी भरायला माणूस लावता येतो.

होटगीरोडची:
रात्री दोनला येणारा माणूस मिळाला तर नंबर द्या.

होटगीरोडची:
तीन आठवड्यांनी लिहितेय. फिजिओताईंकडे जाऊन आले. फट साडेतीन बोटं. हर्निया आहे का ते बघायला सोनोग्राफीही केली, नाही निघाला. व्यायाम सुरू केलेत, कुशीवर वळून उठायची सवय लागली. खोकताना पोट आता फुग्यासारखं बाहेर येत नाही, एवढा फरक मला जाणवतो. घडी तशीच आहे, ती जाणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

शेंगाचटणी, तुमचं लेकीबद्दलचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. शेवटी तिलाच विचारलं. आठ वर्षांची आहे. म्हणाली, "तुला घामोळं येतं म्हणून करणार ना? मग कर की." तिला मी रडलेलं दिसलं नव्हतं, म्हणून तिचं उत्तर सोपं. मला मात्र माहीत आहे की निम्मं घामोळ्यासाठी आणि निम्मं त्या वहिनींसाठी आहे. ते निम्मं कमी होतंय का ते बघायला दिवाळीपर्यंत थांबतेय. नाही झालं तरी करायला मला आता लाज वाटणार नाही.

दरम्यान एक काम केलं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सहा आठवड्यांचा तक्ता आखला. नळाचे दिवस, शाळेचा डबा, धाकट्याची अंघोळ, चादरी. समोर नावाचा रकाना. सासूबाईंनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि डब्यासमोर स्वतःचं नाव लिहिलं. सुरीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. नळासमोरचा रकाना रिकामा आहे. "चालतेस" म्हणणारे काल त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते.

शेंगाचटणी:
माझं मत बदललेलं नाही. पण नळाचा रकाना भरला की कळव.