टँकर, बोअर आणि गच्चीचं पाणी

सेक्रेटरी (सी-१०२): सभासदांनो, बोअरने काल रात्री मान टाकली. मोटर वीस मिनिटं चालते, मग नुसता फेस आणि तांबडं गढूळ. आज दोन टँकर सांगितलेत. गाड्या ओल्या फडक्याने पुसा, पाईप लावू नका. काल कुणी लावला होता ते मला माहीत आहे.

ए-४०१: आपली बोअर तीनशे फूट. मागच्या सोसायटीने सहाशे मारली. आपणही मारू, विषय संपवू.

बी-२०३: काका, सहाशेला पाणी लागेलच कशावरून? मारताना शेवटचे अडीचशे फूट नुसता फुफाटा उडत होता, माझ्या बाल्कनीतल्या तुळशीवर बसलाय अजून.

ए-१०४: पाणाड्याला बोलवा. ओळखीचा आहे. हातावरचा नारळ उभा राहतो त्याच्या.

डी-३०१: नारळ नंतर चटणीला माझ्याकडे द्या.

ए-४०१: मस्करी पुरे. आपल्या नाशिकच्या धरणाचं पाणी खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला जातं आणि आपण टँकर घ्यायचे, हे खरं दुखणं.

बी-२०३: ते पाणीवाटपाच्या २००५च्या कायद्याने जातं हो. पावसाळ्याअखेर जायकवाडीत ठरलेला उपयुक्त साठा नसेल तर वरच्या धरणांतून सोडायचं. पैठणकरांनी काय प्यायचं मग? आणि आपली बोअर आटली त्याचा त्याच्याशी काय संबंध?

ए-१०४: मी तर २०१६च्या एप्रिलमध्ये गोदेतलं रामकुंड कोरडं पाहिलंय. टँकरने भरलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोदेला पूर, नदीकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात! चार महिन्यांत दोन्ही टोकं.

बी-२०३: काका, नेमकं बोललात. आता मोठा मेसेज आहे, कुकर लावून वाचा.
माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, इथे नाशकात सातशेच्या आसपास, आणि आमच्या पूर्वेकडच्या गावांत पाचशे झाला तरी पेढे वाटायचे. ढग घाटमाथ्यावरच मोकळे होतात. आजोबांच्या वेळीही असंच होतं. फरक पडला तो पावसाच्या पडण्यात. तेव्हा झड लागायची. चार-चार दिवस रिपरिप, गुरं गोठ्यात, चुलीला ओली लाकडं. ते पाणी मुरायचं. आता महिनाभर आभाळाकडे बघायचं आणि एका दुपारी दोन तासांत धो धो. हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि सोडते तेव्हा एकदम. वर ऊन वाढलं की जमिनीत उरलेली ओलही लवकर उडते.
खाली आपल्याकडे काळा कातळ. पाणी राहतं वरच्या मुरमात आणि भेगांत, शंभर भागांत जेमतेम दोन-तीन भाग. त्याला सावकाश पाजावं लागतं. दणक्याचा पाऊस ओढ्याने निघून जातो, जाताना माती नेतो. गंगापूर धरण सुरुवातीला ७,२०० दशलक्ष घनफुटांचं होतं, आता ५,६३० धरतात. बाकीच्या जागेत गाळ.
२०२३ आठवा. १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. ऑक्टोबरअखेर सिन्नर, येवला, मालेगाव दुष्काळी यादीत. आणि २६ नोव्हेंबरला निफाडकडे गारा! भावाच्या व्याह्यांच्या बागेत गेले होते. एकेका द्राक्षमण्यावर चीर, खाली चिखलात घड, आंबूस वास. एवढं पडून विहिरीला वीतभरही चढ नाही.

डी-३०१: मग झाडं लावू या ना. येवल्याकडे ममदापूरला एवढी ओसाड जमीन पडलीय.

बी-२०३: ओसाड नाही भाऊ, माळरान आहे. काळविटांसाठी राखलेलं. त्यांना उघडं गवत लागतं, पळायला आणि लांबून लांडगा दिसायला. तिथे दाट झाडी केलीत तर त्यांनी जायचं कुठे? उन्हाळ्यात पाणवठे टँकरने भरतात, तरी पाण्यासाठी वणवण करताना एखादं विहिरीत पडतंच.

डी-३०१: हे माहीत नव्हतं. मागे घेतो.

ए-४०१: ताई, सगळं पटलं. बोअरचं काय?

बी-२०३: खोल जायचं नाही, आहे तिलाच पाजायचं. आपली गच्ची ६०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पडला की ६०० लिटर. सातशे मिलिमीटरचे झाले ४,२०,००० लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला धरा, तरी ३,३६,०००. दहा हजारवाले तेहतीस टँकर. आज ते सगळं पागोळ्यांतून थेट गटारात जातं. पाईप जोडून खडी-वाळूच्या गाळणीतून बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडायचं. मृगाचा पहिला पाऊस बाहेर काढायचा, गच्चीवर कबुतरांची घाण असते. पार्किंगचं पाणी अजिबात नको, त्यात ऑईल.

ए-४०१: ह्या मे महिन्यात त्याचा उपयोग?

बी-२०३: ह्या मेमध्ये शून्य. टँकरच.

सेक्रेटरी (सी-१०२): प्लंबर शनिवारी दहाला मोजमापाला येतोय. गच्चीची किल्ली कुणाकडे?

ए-१०४: आमच्याकडे. पण वर हिचे कुरडया-पापड वाळतायत. अकराला बोलवा.